जो-हानची क्रायस्लर टर्बाईन: खोकं बाजूला ठेवून केलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ज्यांना प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेल कारचं जुनं किट सीलबंदच ठेवायचंय, काचेच्या कपाटात उभं करून आल्यागेल्याला लांबून दाखवायचंय, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. मी उघडणाऱ्यातला आहे. खोकं घरात आलं की पंधरा मिनिटांत सगळं प्लास्टिक डायनिंग टेबलावर, आणि बायको हातात वरणाचं पातेलं घेऊन ते ठेवायला जागा शोधतेय, असा आमच्याकडचा सीन असतो.

तर किट कोणतं, जो-हान कंपनीची क्रायस्लर टर्बाईन कार. १/२५ स्केल, म्हणजे पूर्ण झाली की जेमतेम वीतभर. घेतलं ओहायोत टोलेडोला, तिथे मॉडेल कारवाल्यांचा मोठा मेळावा भरतो, एनएनएल म्हणतात त्याला, ट्रॉफीसाठी मारामारी नाही काही नाही, लोक आपापल्या गाड्या टेबलावर मांडतात, एकमेकांच्या बघत फिरतात आणि सोबत जुन्या किटांचा बाजार. आमच्या घरापासून सव्वा-दीड तास. ७० डॉलर दिले. खोकं उघडलेलं, एक कोपरा फाटलेला, आतलं काहीही जोडलेलं नाही आणि एक भाग गायब (त्याबद्दल शेवटी, तो माझा सध्याचा आजार आहे). दोन टेबलं सोडून हेच किट सीलबंद होतं, भाव विचारला आणि थँक्यू म्हणून पुढे सरकलो.

आता मी कोण शहाणा हे सांगायला, तर मी भोसरी एमआयडीसीत नऊ वर्षं इंजेक्शन मोल्डिंगच्या शॉपमधे काढलीत. स्विचचे डबे, टू-व्हीलरची साइड कव्हरं, एकदा तर सहा महिने नुसती बाटल्यांची बुचं. त्यामुळे होतं काय की लोक किटच्या खोक्यावरचं चित्र बघतात आणि मी आतल्या बॉडीची पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचे तुकडे भेटतात तिथे उमटणारी रेघ, बघतो, खोड आहे ती, जात नाही. गेली काही वर्षं मिशिगनमधे ट्रॉयला आहे, डेट्रॉईटच्या डोक्यावर. इथे येऊन दोनेक वर्षं झाल्यावर कळलं की एएमटी, म्हणजे साठच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांचा अख्खा पॉकेटमनी जिने खाल्ला ती मॉडेल कारची कंपनी, ती आमच्या ट्रॉयचीच, मेपल रोडवर होती. मी दूध आणायला ज्या रस्त्याने जातो तोच मेपल रोड! दुसरी अशीच कंपनी एमपीसी, ती माउंट क्लेमेन्सची, तीही इथून जवळच, आणि जो-हान खुद्द डेट्रॉईटची, जॉन हेनली नावाच्या टूल-अँड-डायवाल्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या माणसाने १९४७ मधे सुरू केलेली, स्वतःच्या नावावरूनच नाव पाडलेली. टूलरूममधला माणूस कंपनी काढतो म्हटल्यावर माझं मन आपोआप तिकडे झुकतं, हे मान्य करून टाकतो.

ह्या सगळ्या कंपन्या इथेच का, तर गाडीवाले इथे, त्यांची ड्रॉइंगं इथे, मोल्ड बनवणारे कारागीर इथे. मूळ धंदा किटचा नव्हताच. नवीन गाडी बाजारात आली की डीलरच्या काउंटरवर ठेवायला तिची छोटी प्रतिकृती लागायची, प्रोमो म्हणतात त्याला, खऱ्या गाडीच्या रंगात, ती पुरवायची. मग १९५८ मधे एएमटीने डोकं लावलं की मोल्ड आहेतच तर त्यातूनच सुटे भाग काढून खोक्यात भरून विकूया, स्टॉक, कस्टम किंवा रेसिंग, एकाच खोक्यातून तीनपैकी कशीही जोडा. पोरं वेडी झाली.

पण ह्यात एक मेख आहे आणि जुन्या किटचे भाव कळायला ती माहीत पाहिजे. ही किटं दरवर्षी नवीन यायची, खऱ्या गाडीचं ग्रिल बदललं की किटचं ग्रिल बदलायचं. नवीन मोल्ड बनवायला पैसा जातो, म्हणून जुन्याच मोल्डमधले इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारे तुकडे, काढायचे, नवीन घालायचे, स्टील थोडं कोरायचं, झालं पुढच्या वर्षाचं मॉडेल तयार. म्हणजे ६५ ची गाडी ६६ च्या गाडीच्या पोटात गेली. आता ६५ ची परत काढायची म्हटलं तर कशातून काढणार? म्हणून काही किटं ढिगाने परत परत छापली जातात आणि काहींची त्या वर्षाची न जोडलेली प्रत मिळाली की म्हातारे लोक पाकीट रिकामं करतात. हे मला भोसरीत कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, आमच्याकडेही तेच चालायचं, गेल्या वर्षीच्या कव्हरचा मोल्ड कोरून ह्या वर्षीचं कव्हर, फक्त ते पन्नास वर्षांनी कोणी शोधत येणार नाही एवढंच.

बरं, टर्बाईनच का. कारण ही गाडी खरी मिळायची शक्यताच नाही, माझ्यासारख्याला तर नाहीच. क्रायस्लर पन्नासच्या दशकापासून जेट विमानासारखं गॅस टर्बाईन इंजिन गाडीत बसवून बघत होती, साठच्या दशकात ह्या गाडीच्या बॉडी इटलीत तुरीनला घिआकडे हाताने बनवून घेतल्या, पाच प्रोटोटाइप आणि त्यावर ५० गाड्या. आणि त्या ५० विकल्या नाहीत, १९६३ ते ६६ मधे २०३ कुटुंबांना तीन तीन महिने वापरायला दिल्या, चालवा आणि कसं वाटलं ते सांगा म्हणून. १३० हॉर्सपॉवर, आकडा ऐकून काही वाटत नाही, पण आतला रोटर मिनिटाला ४४,००० च्या वर फेरे घ्यायचा. स्पार्क प्लग एकच. डिझेल घाला, रॉकेल घाला, चालते. मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेझ मातेओस ह्यांनी टकीला घालून चालवली. डिझाइन एलवुड एंगलचं, तो फोर्डमधून आलेला, त्यामुळे गाडी थंडरबर्डसारखी दिसते म्हणून लोक तिला चिडवायला एंगलबर्ड म्हणायचे. कार्यक्रम संपला आणि कंपनीने ४६ गाड्या तोडून टाकल्या. उरल्या नऊ. त्यातली एक इथे डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममधे आहे, मी तिच्यासमोर इतका वेळ उभा होतो की मुलगी आइसक्रीम खाऊन परत आली तरी मी तिथेच. मागून बघा तिला, मागून. दिवे नाहीत ते, जेटची दोन तोंडं आहेत.

तेव्हा किटकडे बघताना माझा प्रश्न एकच होता, हे सगळं वीतभर प्लास्टिकमधे उतरलंय का. उत्तर, हो, आणि अपेक्षेपेक्षा जास्त. हेडलाइटभोवतीची ती पात्यापात्यांची कडी, चाकांच्या कव्हरवरची टर्बाईनची पाती, चार वेगळ्या बकेट सीट आणि त्यांच्या मधून पुढून मागपर्यंत जाणारा तो लांबलचक कन्सोल, सगळं आहे. इंजिनसाठीच हे किट प्रसिद्ध आहे आणि ते बरोबरच आहे, कारण दुसऱ्या बहुतेक गाड्यांच्या किटमधे व्ही-एट इंजिन असतं, ते एकदा जोडलं की शंभरदा जोडल्यासारखंच, इथे तुम्ही काहीतरी वेगळंच यंत्र हातात धरता, दोन बाजूंना मोठे गोल ड्रम (खऱ्या गाडीत ते रीजनरेटर, बाहेर जाणाऱ्या गरम हवेतली उष्णता परत आत आणणारे) आणि जोडताना आपोआप कळतं की हवा कुठून आत येते आणि कुठून जाते. माझ्या मुलीला हे इंजिन समजावून सांगताना मला स्वतःला पहिल्यांदा नीट समजलं.

पण हे घरी आल्यावरचं. टेबलाशी उभं असताना ७० डॉलर द्यायचे की नाही हे कसं ठरवलं ते सांगतो, कारण खरा रिव्ह्यू तोच आहे.

विकणारे आजोबा पंचाहत्तरीचे असतील, म्हणाले, साठच्या दशकातलं ओरिजिनल आहे, बघ चॅसिसवर कॉपीराइट कोरलाय. मी म्हटलं आजोबा, कॉपीराइट मोल्डवर कोरलेला आहे, मोल्ड तेव्हाचा आहे, प्लास्टिक कधी ओतलं ते त्यावरून कसं कळणार? ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, तू टूलमेकर आहेस का. खोकं जो-हानच्याच यूएसए ओल्डीज मालिकेचं होतं, ती नंतरची, मूळ पहिली आवृत्ती नव्हे. त्यांना ते नक्की माहीत होतं, मला माहीत आहे का हे ते बघत होते. त्यानंतर भाव बराच खाली आला आणि वर एक बिनडब्याची सीट फुकट मिळाली, कुठल्या गाडीची ते अजून कळलेलं नाही.

खोक्यावरून वय ओळखायच्या दोन गोष्टी माझ्या उपयोगाला येतात. कंपनीच्या पत्त्यात झिप कोड आहे का बघा, अमेरिकेत झिप कोड जुलै १९६३ पासून आला, म्हणजे कोड छापलेला असेल तर खोकं त्याच्या आधीचं असूच शकत नाही. आणि बारकोड, तो दुकानात पहिल्यांदा वाचला गेला १९७४ मधे, गंमत म्हणजे ट्रॉयमधेच, पण आमच्या नव्हे, ओहायोतल्या ट्रॉयमधे, च्युइंगमच्या पाकिटावर. त्यामुळे बारकोडवालं खोकं दाखवून कोणी साठचं दशक सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि निघा. एएमटी, एमपीसीच्या जुन्या खोक्यांवर नंबरच्या शेवटी १४९, २००, २२५ असे आकडे दिसतात, ती किंमत आहे सेंटमधे, दीड डॉलर, दोन डॉलर, सव्वादोन. तो आकडा चढत गेलेला दिसला की आवृत्ती नंतरची.

आता प्लास्टिक. बॉडी हातात घ्यायची आणि डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून लांबीत बघायची, सुतार रंधा मारल्यावर फळी बघतो तशी. वाकलेली असेल तर दाराखालच्या रेषेत लगेच कळतं. ही खोकी वर्षानुवर्षं माळ्यावर एकावर एक रचलेली असतात, उन्हाळ्यात माळा तापतो, खालच्या खोक्यातली बॉडी बसते. थोडी वाकलेली असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करता येते, हळूहळू, घाई केली तर कामातून गेली. त्याहून जुने प्रोमो घ्यायचा विचार असेल तर जपून, ते किटसारखे पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे नव्हते, अॅसिटेटचे होते, आणि अॅसिटेट बसल्या बसल्या आकसतं आणि केळ्यासारखं वाकतं. ते गरम पाण्याने होत नाही, मी एकदा करून बघितलंय, तो विषय नको.

मग पुढच्या काचेचे दोन्ही बाजूचे खांब. तिथे प्लास्टिक काडीएवढं असतं आणि खोक्यात वरून दाब आला की पहिल्यांदा तेच मोडतं. मोडलेला खांब चिकटवता येतो पण त्यावर काच सरळ बसवून दाखवा मग बोलू.

आणि पार्टिंग लाइन. अशा किटची बॉडी एका तुकड्यात येते, म्हणजे मोल्डला वरून, खालून आणि चारी बाजूंनी सरकणारे स्लाइड लागतात, ते जिथे भेटतात तिथे प्लास्टिकवर बारीक रेघ उमटते, फेंडरच्या माथ्यावर आणि मागच्या खांबावर. रेघ असणारच, ती काही दोष नाही. बघायचं हे की रेघ केसासारखी आहे का पापुद्रा बाहेर आलाय. मोल्ड नवीन असतो तेव्हा स्लाइड घट्ट बसतात आणि रेघ बारीक असते, हजारो शॉट मारून कडा झिजल्या की प्लास्टिक फटीतून डोकावतं, फ्लॅश. म्हणजे खोकं काहीही म्हणू दे, रेघ सांगते की ही बॉडी मोल्डच्या तरुणपणीची की म्हातारपणीची. माझ्या टर्बाईनची रेघ बारीक होती. नखाने चाचपून बघितली, आजोबा बघत होते, तेव्हाच बहुतेक त्यांना कळलं की हा घेणार.

क्रोमचे भाग फांदीवर (ज्या प्लास्टिकच्या काडीला चिकटून ते मोल्डमधून निघतात ती) तसेच होते, ह्याला फार महत्त्व आहे. किटचं क्रोम म्हणजे खरं क्रोम नाही, व्हॅक्युममधे उडवलेला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, हाताळून हाताळून तो निघतो आणि खाली नुसतं प्लास्टिक दिसतं. घासलेलं क्रोम घेऊ नका असं मी म्हणणार नाही, घ्या, पण भाव पाडून घ्या, कारण ते परत करून घेणं महागात जातं. ब्लीचमधे बुडवलं की क्रोम उतरतं हे मात्र खरं, सांधे नीट भरायचे असले की मी मुद्दामच उतरवतो. खिडक्यांच्या कडेच्या बारीक पट्ट्यांसाठी बेअर-मेटल फॉईल मिळतं, ते लावताना मला दर वेळी काजूकतलीवरचा वर्ख आठवतो, श्वास रोखायचा, बोटाने नाही, मऊ काडीने दाबायचं आणि मधे कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.

आता ते सीलबंद प्रकरण. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन लिलावात एक किट घेतलं, कंपनी आणि विकणारा दोन्ही सोडून द्या, फॅक्टरी सील्ड असं ठळक लिहिलेलं, आणि मी इतकं सगळं माहीत असून फसलो कारण रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि लिलाव संपायला चार मिनिटं होती. खोकं आलं. प्लास्टिकची फिल्म एकदम चकचकीत, टणक, आणि तिच्या आत खोक्याचे कोपरे झिजलेले, एका बाजूला जुन्या किमतीच्या लेबलाचा फाटलेला कागद. अरे, फिल्म कारखान्यातली असेल तर खोकं फिल्मच्या आत झिजेल कसं? लेबल आधी लावून, फाडून, मग सील? गरम हवेची बंदूक आणि फिल्मचा रोल कोणीही आणू शकतं. पण ठीक आहे, फोटोत हे दिसत होतं, माझी चूक.

खरा धक्का आत. टायर. ह्या किटांचे टायर मऊ व्हिनाइलचे असतात, व्हिनाइल मऊ राहायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि ते तेलकट रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपत असतं. शेजारी पॉलिस्टायरीन असेल तर ते त्याला विरघळवतं. चार टायर मोकळे पडलेले, एक काचेवर, एक छपरावर, चाळीस-पन्नास वर्षं तसेच. काचेवर टायरच्या नक्षीचा गोल छाप बसलेला आणि छपरात अर्धा मिलिमीटर खड्डा, जणू कोणी तापलेली बांगडी ठेवली. छप्पर पुटीने भरून घेतलं, काचेचं काय करणार. तर मंडळी, सीलबंद खोक्यातला टायर कुठे पडलाय हे हलवून ऐकून कळत नाही. उघड्या खोक्यात दिसतं. म्हणून उघडं खोकं मला स्वस्त पडतं म्हणून नाही, तर बघून घेता येतं म्हणून आवडतं. भाजी आपण निवडून घेतो ना, मग हे का नाही. आणि किट घरी आलं की पहिलं काम, टायर वेगळ्या झिपच्या पिशवीत, आत्ताच्या आत्ता, चहाच्या आधी.

टर्बाईनमधे टायर एका कागदात गुंडाळून ठेवलेले होते. आधीच्या मालकाला मनापासून नमस्कार. सूचनांचा कागद होता, घडीवर फाटलेला पण सगळा, त्यावर टेबलाशीच उभं राहून एकेक भाग बोटाने मोजला, मागे दोन लोक खोळंबले होते, असू दे. तिथेच कळलं की एक भाग नाही.

कागदी डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं, असलेल्या किटांसाठी एक टीप देतो, टर्बाईनला फार काही डेकल लागत नाहीत पण रेसिंगवाल्या किटांचा अर्धा जीव त्यातच. पिवळे पडलेले डेकल फेकू नका. झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, उन्हात, दोन-तीन आठवडे, पिवळेपणा बराच उतरतो. बायकोने विचारलं हे काय लावलंय, म्हटलं पापड वाळवतोय. वापरायच्या आधी कोपऱ्यातला एक नको असलेला डेकल पाण्यात टाकून बघा, तुकडे झाले तर सगळ्या शीटवर आधी डेकल फिल्म नावाच्या द्रवाचा पातळ हात द्यायला लागतो.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती ज्याची त्याची. बॉडी आणि चॅसिस पहिल्यांदा सुकी जुळवून बघा, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरा, गोंद ट्यूबमधला नको, पातळ द्रव वापरा, ब्रशच्या टोकाने. ट्यूबवाल्या गोंदाने काय होतं हे बघायचं असेल तर कुठल्याही मेळाव्यात टेबलाखालच्या खोक्यात बघा, ग्लू बॉम्ब म्हणतात त्यांना, कोणा दहा वर्षांच्या पोराने १९६७ साली जोडलेल्या, बोटांच्या ठशांसकट. मी त्याही घेतो, पाच-सहा डॉलरला. रात्रभर फ्रीझरमधे ठेवल्या की जुना गोंद ठिसूळ होऊन कट्कन सुटतो, रंग काढायला ब्रेक फ्लुइडमधे बुडवायच्या, हातमोजे घालून आणि घराबाहेर. फ्रीझरमधे मटारच्या पिशवीशेजारी फोर्ड बघून सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ती गोष्ट नाशिकला जाऊन सगळ्यांना सांगितली.

टर्बाईनचा रंग मात्र कठीण. खऱ्या गाडीचा रंग टर्बाईन ब्रॉन्झ, म्हणजे नुसतं तांबडं नाही, नुसतं सोनेरी नाही, चिंचेने घासलेल्या तांब्याच्या हंड्याला जी झळाळी येते त्याच्या एक पायरी अलीकडे. मी प्लास्टिकच्या चमच्यांवर सात मिश्रणं मारून बघितली, काळ्या बेसवर, तपकिरी बेसवर, आणि चमचे खिशात घालून म्युझियममधे जाऊन गाडीशेजारी धरले. तिथला सुरक्षारक्षक आधी जवळ आला, मग म्हणाला, तिसरा. तिसराच बरोबर होता.

आता भावाचा हिशोब. एएमटी आणि एमपीसी ही नावं आता राऊंड २ कडे आहेत, इंडियानात साउथ बेंडची कंपनी, ते जुन्या मोल्डमधून जुन्याच चित्राच्या खोक्यात किटं परत काढतात, तीसेक डॉलरच्या आसपास, आणि त्यातले डेकल आणि टायर जुन्यापेक्षा खूपच चांगले असतात. जोडायचंय ना, मग जे किट नव्याने निघालंय त्याची जुनी प्रत दुप्पट-तिप्पट देऊन घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, तुम्ही पुठ्ठ्याचे पैसे देताय. नवीन आवृत्ती आली की जुन्या प्रतीचा भाव बसतो, हे बघून एका मित्राचं तोंड आठवडाभर उतरलं होतं, त्याच्याकडे सहा होत्या. जुन्यासाठी पैसे तिथेच मोजायचे जिथे मोल्डच बदलून गेलाय किंवा किट दुकानात दिसतच नाही. टर्बाईन मी त्या खात्यात धरतो, म्हणून ७० ला कुरकुर नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गायब भागासाठी, आणि तो कापणं खरं तर अन्याय आहे कारण जो-हानने तो दिला होता, मधल्या पन्नास वर्षांत कोणाच्या तरी गालिच्याखाली गेला.

तो भाग म्हणजे एका चाकाचं कव्हर. चारपैकी तीन आहेत. आणि कुठलंही साधं कव्हर नाही, टर्बाईनच्या पात्यांचं, दुसऱ्या किटमधलं बसवलं तर लगेच ओळखू येतं. म्हटलं आपण मोल्डिंगवाले, करू. सिलिकॉन रबर आणलं, दुधाच्या कॅनचं बूड कापून त्यात एक कव्हर चिकटवलं, रबर ओतलं, दुसऱ्या दिवशी मोल्ड तयार, त्यात रेझिन. पहिल्या कास्टिंगमधे दोन पात्यांत बुडबुडा. दुसऱ्यात एक पातं अर्धवट, शॉर्ट शॉट, भोसरीतल्या आमच्या साहेबांनी तो तुकडा माझ्या टेबलावर आपटला असता. तिसरं आलं चांगलं, पण रेझिनवर क्रोम कुठून आणणार, क्रोमच्या पेनने रंगवलं, चंदेरी दिसतं, आरशासारखं नाही. चौथं कास्टिंग रबराला आधी आतून पावडर लावून करून बघणार आहे, बुडबुडे त्याने कमी होतात. तोपर्यंत गाडी शेल्फवर आहे, डावी बाजू भिंतीकडे करून. कोणाकडे हे एक कव्हर जास्तीचं पडलं असेल तर सांगा, बदल्यात ती अनोळखी सीट देईन, आणि वर दोन ग्लू बॉम्ब, फ्रीझरमधून काढून.